गोल करतो म्हणून निवडला जातो, टिकतो मात्र वेगळ्याच कामावर

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा तेरा वर्षांचा, आईस हॉकीच्या ट्रिपल ए संघात (मुलांच्या हॉकीतला सगळ्यात वरचा स्तर) लेफ्ट विंगवर, म्हणजे आक्रमणात डाव्या बाजूला, खेळतो, मागच्या हंगामात संघात सगळ्यात जास्त गोल त्याचेच. कोच म्हणतात पोरात दम आहे. घरात मात्र दोन तट पडलेत. पुण्याहून आजोबा फोनवर एकच विचारतात, "पण यात पोटापाण्याचं काय?" ताईंना जाणून घ्यायचंय ते असं: आईस हॉकीतल्या फॉरवर्डचं, म्हणजे आक्रमणातल्या खेळाडूचं, व्यावसायिक करिअर प्रत्यक्षात कसं असतं, किती वर्षं चालतं, पैसा किती मिळतो, आणि आपला मुलगा त्या वाटेवर आहे की नाही हे कशावरून ओळखायचं. शेवटी धाकट्या मुलीबद्दल एक ओळ आहे, तिच्याकडे नंतर येतो.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी व्यावसायिक खेळलेलो नाही. पुण्यात शाळेत असताना चार चाकांचे रोलर स्केट घालून शर्यती पळालो, तेवढंच. १९९७ साली मिसिसागाला आलो तेव्हा पहिली नोकरी मिळाली ती एका रिंकमधल्या दुकानात, स्केटला धार लावायची. आईला पत्रात तसं लिहिलं तर तिला वाटलं पोरगा परदेशात जाऊन सुरी-कात्रीवाला झाला. फार चूक नव्हतं ते. तिथून हळूहळू बर्फावर उतरलो, कोचिंगचे कोर्स केले, आणि गेली वीस-बावीस वर्षं फॉरवर्ड खेळणाऱ्या मुलांना स्केटिंग आणि बोर्डालगतचा (बर्फाभोवतीच्या भिंतीलगतचा) खेळ शिकवतो. माझ्या हाताखालून गेलेली बरीच मुलं ज्युनियर लीगपर्यंत पोचली, दोघं युरोपात पगार घेऊन खेळले. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, एकही गेला नाही.

आता हिशेब मांडू. एनएचएलमध्ये ३२ संघ. सामन्याला प्रत्येक संघ २० खेळाडू उतरवतो: १२ फॉरवर्ड, ६ डिफेन्समन, २ गोली (गोलरक्षक). सगळे संघ एकाच रात्री खेळले तरी फॉरवर्डच्या जागा ३८४ भरतात. त्यावर कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड, रशिया, चेकिया या सगळ्यांची पोरं डोळा ठेवून असतात. ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने तरुण खेळाडू निवडणं, वर्षातून एकदा, सात फेऱ्या, एकूण २२४ नावं. त्यातही डिफेन्समन आणि गोली आलेच. नाव पुकारलं गेल्यावरही एनएचएलचा एकसुद्धा सामना न खेळता स्केट खुंटीला टांगणारे भरपूर असतात.

पण आकड्यांनी घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. त्या ३८४ जणांत एक गोष्ट सारखी असते, ती दाखवायची आहे. त्यातला जवळजवळ प्रत्येक जण लहानपणी आपल्या संघाचा सगळ्यात जास्त गोल करणारा होता. तुमच्या मुलासारखाच. आणि एकदा वर पोचल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांना गोल करायचं काम कोणी देतच नाही.

बारा फॉरवर्डच्या तिघातिघांच्या चार लाईन होतात: एक सेंटर, दोन विंगर. पहिल्या दोन लाईनकडून गोलची अपेक्षा. तिसरी लाईन बहुतेक वेळा समोरच्या संघाच्या उत्तम लाईनला रोखण्यासाठी. चौथी लाईन धक्के द्यायला, खेळाचा जोर टिकवायला, दमलेल्यांना श्वास घ्यायला. साठ मिनिटांच्या सामन्यात पहिल्या लाईनचा खेळाडू वीस मिनिटं बर्फावर असतो, चौथ्या लाईनचा आठ-दहा. तीही सलग नाही. एक शिफ्ट पंचेचाळीस सेकंदांच्या आसपास, मग बेंचवर, मग पुन्हा. म्हणजे चौथ्या लाईनच्या माणसाने आयुष्यभर घासून जी कला कमावली, ती दाखवायला त्याला रात्रीतून दहा-बारा वेळा पाऊण मिनिट मिळतं. त्यात गोल व्हावा ही अपेक्षा कोच करत नाही. गोल खाऊ नये, ही करतो.

तुमचा मुलगा लेफ्ट विंगवर आहे म्हणून एक प्रसंग जवळून सांगतो. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, आपल्या गोलच्या मागे आहे. आपला डिफेन्समन तो बोर्डाच्या कडेकडेने जोरात फिरवून डाव्या बाजूने वर पाठवतो. याला रिम म्हणतात. विंगर हाफ-वॉलला, म्हणजे कोपरा आणि ब्लू लाईन (आपल्या हद्दीची सीमारेषा) यांच्या साधारण मध्यावर, बोर्डाला चिकटून उभा. त्याची नजर येणाऱ्या पककडे, म्हणजे तोंड आपल्याच गोलकडे. आणि त्याच्या पाठीकडून, ब्लू लाईनवरून, समोरच्या संघाचा पंचाण्णव किलोचा डिफेन्समन सरळ त्याच्यावर चालून येतोय. हा पिंच. पक हातात येईपर्यंत फार तर दीड सेकंद.

तेवढ्यात त्याने खांद्यावरून एकदा मागे बघायचं. आपला सेंटर मधल्या पट्ट्यात कुठवर आलाय ते टिपायचं. कंबर खाली घेऊन बोर्डाला टेकायचं, म्हणजे धक्का बसेल तो काचेत जिरेल, मानेत नाही. स्केटचं पातं बोर्डाला आडवं लावून पक अडवायचा. आणि मग तिनातलं एक: सेंटरला छोटा पास, किंवा बोर्डावरूनच पक टोलवून ब्लू लाईनच्या बाहेर, किंवा दोन्ही जमत नसेल तर पक दोन पायांमध्ये दाबून साथीदार येईपर्यंत अंगावर मार घेत उभं राहायचं. टीव्हीवर हे धड दिसतही नाही, कॅमेरा तोवर पुढे गेलेला असतो. पण पक आत राहिला तर पुढची तीस सेकंदं दमलेले पाच जण आपल्याच हद्दीत अडकले समजा. दुसऱ्या दिवशी कोच व्हिडिओ थांबवतो तो इथे. विंगरला वर ठेवायचं की खाली पाठवायचं, याचं निम्मं उत्तर मी तरी याच दीड सेकंदात शोधतो.

सेंटरचं काम याहून पसरट. गोलच्या तोंडाशी जाऊन बचाव करायचा, आणि फेसऑफ घ्यायचे, म्हणजे पंच दोघांच्या मध्ये पक सोडतो तो मिळवायचा. फेसऑफ जिंकणं ही वेगळी विद्याच आहे. मनगटापेक्षा त्यात समोरच्याची सवय ओळखणं जास्त, आणि पंच पक सोडतो त्या हाताकडे बघणं. मुलाला कधीमधी सेंटरला खेळवलं तर नाही म्हणू नका. विंगर म्हणून जाणाऱ्यांतले पुष्कळ जण मुळात सेंटर होते. उलटा प्रवास क्वचितच होतो.

आता वाट कशी असते ते. ओंटारियोत पंधराव्या-सोळाव्या वर्षी ओएचएलची, म्हणजे इथल्या ज्युनियर लीगची, निवड होते. निवडला गेला की मुलगा घर सोडून दुसऱ्या गावी एका यजमान कुटुंबाकडे राहायला जातो, बिलेट म्हणतात त्याला. तिथूनच शाळा, आणि हंगामात ६८ सामने. बसने रात्री दोनला परत येऊन सकाळी गणिताच्या तासाला बसणारी मुलं मी पाहिली आहेत. दुसरी वाट अमेरिकन विद्यापीठाची, एनसीएएची. पूर्वी या दोन वाटा एकमेकींना बंद होत्या. ज्युनियरमध्ये एक सामना खेळलात की विद्यापीठाचं दार लागायचं. २०२५-२६ च्या हंगामापासून ते बदललं. आता ओएचएल खेळूनही एनसीएएमध्ये जाता येतं. आजोबांना हे आवर्जून सांगा, कारण यामुळे पदवी आणि हॉकी यातलं एक निवडायची वेळ सोळाव्या वर्षी येत नाही. शिवाय ओएचएलमध्ये खेळलेल्या हंगामांच्या बदल्यात संघ पुढच्या शिक्षणाचा खर्च उचलतो. त्या कराराचा कागद वकिलाकडून वाचून घ्या. मी पालकांना कोचशी भांडताना खूप पाहिलं, हा कागद वाचताना फार थोडे पाहिले.

अठराव्या वर्षी ड्राफ्ट. नाही झाला तरी संपलं असं नाही, त्याकडे पुढे येतो. झाला तर पहिला करार एन्ट्री-लेव्हल, एकविसाव्या वर्षापर्यंत सही केली तर तीन वर्षांचा, आणि त्यात पगाराला वरची मर्यादा. बहुतेक जण ही वर्षं एएचएलमध्ये काढतात, जी एनएचएलच्या एक पायरी खाली आहे. ७२ सामने, लहान शहरं, शुक्रवार-शनिवार-रविवार सलग तीन सामने. करार 'टू-वे' असतो: वर खेळलास तर एक पगार, खाली खेळलास तर दुसरा, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. एएचएलच्या खाली ईसीएचएल. तिथे पगार आठवड्यावर मोजतात आणि राहायची सोय संघ करतो. पंचविशीतला पोरगा तीन जणांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहतो आणि उन्हाळ्यात मुलांच्या शिबिरात शिकवून गाडीचा हप्ता भरतो. व्यावसायिक हॉकीपटू म्हटलं की डोळ्यांसमोर येतो त्यापेक्षा हा माणूस संख्येने कितीतरी जास्त आहे.

पैशाचं विचारलंत. एनएचएलमधला किमान पगार २०२५-२६ मध्ये वर्षाला ७ लाख ७५ हजार अमेरिकी डॉलर होता. २०२६-२७ पासूनच्या नव्या करारात तो ८ लाख ५० हजार, आणि सामने ८२ ऐवजी ८४. ऐकायला डोळे दिपतात. पण हा आकडा हातात येत नाही. कर जातो, आणि तो राज्याराज्यात वेगळा. टेक्सास किंवा फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, ओंटारियो-क्वेबेकमध्ये निम्म्याच्या आसपास उडतो. एजंटचे टक्के जातात. 'एस्क्रो' नावाखाली एक हिस्सा लीग राखून ठेवते, कारण खेळाडू आणि मालक यांना उत्पन्न निम्मं निम्मं वाटून घ्यायचं असतं आणि हिशेब नंतर होतो. पगार फक्त साखळी सामन्यांच्या महिन्यांत मिळतो. एनएचएलच्या विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅन्ले कपच्या, प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत), जिथे तुटके दात आणि मोडकी बोटं घेऊन खेळतात, तिथे पगार नसतो. एक सामाईक बक्षीस-रक्कम असते, ती संघांत वाटली जाते.

खरा मोठा करार बहुधा तेव्हा मिळतो जेव्हा खेळाडू पूर्ण मोकळा होतो, म्हणजे सत्ताविसाव्या वर्षी किंवा लीगमध्ये सात हंगाम भरल्यावर. आता गंमत पाहा. फॉरवर्डचे सगळ्यात जास्त गोल साधारण तेवीस ते अठ्ठावीस या वयात होतात. म्हणजे मोठा पैसा हातात पडतो तेव्हा उतार सुरू झालेला असतो. संघ मागच्या कामाचे पैसे देतो आणि पुढच्या वर्षी म्हणतो, गोल कुठे गेले? यावर तोडगा एकच: वेग कमी होण्याआधी दुसरं काम शिकून ठेवायचं.

याचं माझ्या डोक्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण स्टीव्ह यझरमन. डेट्रॉइटचा सेंटर, एकविसाव्या वर्षी कर्णधार. १९८८-८९ च्या एका हंगामात ६५ गोल आणि ९० असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास), दोन्ही मिळून १५५ गुण. पण संघाला कप मिळेना. १९९३ मध्ये स्कॉटी बोमन कोच म्हणून आले आणि यझरमनचा खेळ बदलला. गोलांचे आकडे खाली आले, स्वतःच्या हद्दीत परत येणं वाढलं, आणि डेट्रॉइटने १९९७, १९९८ आणि २००२ मध्ये कप जिंकला. २००० साली यझरमनला सेल्की ट्रॉफी मिळाली, जी सर्वोत्तम बचाव करणाऱ्या फॉरवर्डला देतात. १५५ गुण केलेल्या माणसाला बचावाचं बक्षीस! माझ्या चौदा वर्षांच्या विद्यार्थ्यांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. त्यांच्या आयांना वाटतं.

उलट दिशेचं उदाहरण मार्टिन सेंट लुईस. उंची पाच फूट आठ इंच. व्हर्मॉन्ट विद्यापीठात गोलांचा पाऊस पाडूनही ड्राफ्टमध्ये कोणी नाव घेतलं नाही. कॅलगरीने घेतला, फारसा गोलासाठी वापरला नाही, आणि २००० मध्ये सोडून दिला. टॅम्पा बे संघात गेला. २००४ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गुण, हार्ट ट्रॉफी (लीगमधल्या सगळ्यात मोलाच्या खेळाडूची) आणि स्टॅन्ले कप, सगळं एकाच वर्षी. पुन्हा २०१३ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, सर्वाधिक गुण. लोक याला जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. मला त्यात दिसतं ते असं की बचावाची आणि पेनल्टी किलची (शिक्षेमुळे आपला खेळाडू कमी असताना गोल रोखायची) कामं करत करत त्याने बर्फावर राहायची जागा मिळवली, आणि त्या जागेवरून गोल करायची संधी ओढून आणली. आल्या आल्या "मला पॉवर प्लेवर घ्या" (समोरचा खेळाडू कमी असतानाच्या आक्रमणात) म्हणाला असता तर कदाचित कॅलगरीनंतरच विषय संपला असता.

तिसरा माणूस तुमच्या शेजारचा, मिसिसागात जन्मलेला मॅनी मल्होत्रा. वडील पंजाबी, आई फ्रेंच-कॅनेडियन. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने सातव्या क्रमांकावर घेतला, म्हणजे अपेक्षा मोठ्या ताऱ्याची. तसा तारा तो झाला नाही. गोलांचे आकडे मध्यमच राहिले. मग त्याने फेसऑफ, पेनल्टी किल आणि तिसरी लाईन ही आपली जागा केली. २०१०-११ मध्ये व्हॅन्कुव्हरकडून खेळताना साठ टक्क्यांहून जास्त फेसऑफ जिंकत होता. सामन्यात शेवटचं मिनिट, एका गोलची आघाडी, फेसऑफ आपल्या गोलसमोर, अशा वेळी बेंचवरून ज्याला पाठवतात तो माणूस. मार्च २०११ मध्ये पक डाव्या डोळ्यावर बसला. दृष्टी बरीच गेली. तरी जूनमध्ये स्टॅन्ले कपच्या अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात तो बर्फावर उतरला. पुढे २०१३ मध्ये व्हॅन्कुव्हरने त्याच्याच सुरक्षेसाठी त्याला बाजूला बसवलं. करिअर संपलं असं सगळे धरून चालले. त्याने खाली एएचएलमध्ये चाचणीवर खेळायला सुरुवात केली आणि तिथून पुन्हा एनएचएलमध्ये करार मिळवला. एकूण ९९१ सामने. हजाराला नऊ कमी, पण सातव्या क्रमांकाचा 'अपेक्षाभंग' म्हणून ज्याला निकालात काढलं असतं त्याने एवढे सामने काढले ते गोलांवर नाही.

आणि हा धागा पुढे जातो. मल्होत्रा एएचएलच्या ॲबट्सफोर्ड संघाचा मुख्य कोच झाला आणि २०२५ मध्ये त्या संघाने काल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, जिंकला. त्याच संघात अर्शदीप बैन्स होता. बीसीतल्या (ब्रिटिश कोलंबिया) सरेचा पोरगा, विंगर, ड्राफ्टमध्ये नाव नाही. २०२१-२२ मध्ये वेस्टर्न हॉकी लीगमध्ये (ओएचएलसारखीच पश्चिमेकडची ज्युनियर लीग) सगळ्यात जास्त गुण त्याचे, ११२. तेव्हा कुठे व्हॅन्कुव्हरने करार दिला, आणि २०२४ मध्ये एनएचएलचा पहिला सामना. ११२ गुण करणाऱ्या मुलाला वर बोलावलं ते खालच्या लाईनवर, मोजक्या मिनिटांसाठी. त्याला आधी फोरचेक (समोरच्याच्या हद्दीत घुसून पक हिसकावणं) आणि हाफ-वॉल सिद्ध करायची होती. वरती मी लिहिला तोच दीड सेकंद.

त्याच्या कितीतरी आधी, १९८९ मध्ये, डंकन नावाच्या बीसीतल्या छोट्या गावचा रॉबिन बावा वॉशिंग्टनकडून खेळला. भारतीय वंशाचा एनएचएलमधला पहिला खेळाडू, विंगर. सगळे मिळून ६१ सामने, बाकी वर्षं खालच्या लीगमध्ये. आपण त्याला यशस्वी म्हणायचं की नाही? मी म्हणतो. आजोबा काय म्हणतील ठाऊक नाही. (आजोबांना सामना दाखवायचा असेल तर टीव्हीवरच्या 'हॉकी नाईट'चं पंजाबी समालोचन लावून द्या. २००८ पासून चालू आहे. मराठीत नाही, पण पंजाबी अर्धंमुर्धं कळतं आणि गोल झाला की सगळंच कळतं.)

दुखापतींबद्दल थोडक्यात, कारण यात गोड करून सांगण्यासारखं काही नाही. माईक बॉसीने सलग नऊ हंगाम पन्नास किंवा जास्त गोल केले, ७५२ सामन्यांत ५७३, आणि पाठीच्या दुखण्याने तिशीतच थांबला. सिडनी क्रॉस्बीसारखा खेळाडू जानेवारी २०११ मध्ये डोक्याला मार बसल्यावर नोव्हेंबरपर्यंत सामना खेळू शकला नाही. फॉरवर्डच्या नशिबी खांदे, गुडघे, मांडीचा सांधा आणि डोकं. तुमचा मुलगा आत्ता बॉडी चेकिंगच्या, म्हणजे अंगाने धक्के देण्याच्या, उंबरठ्यावर आहे. हॉकी कॅनडाने २०१३ पासून तेरा वर्षांखालच्या गटात ते बंद केलं, म्हणजे आता सुरू होईल. त्याला धक्का द्यायला शिकवण्याआधी घ्यायला शिकवा. बोर्डापासून दोन-तीन फुटांवर उभं राहणं सगळ्यात धोक्याचं. एकतर बोर्डाला पूर्ण चिकटायचं, नाहीतर चांगलं लांब राहायचं. डोकं दुखतंय म्हणाला तर कोच काहीही म्हणोत, त्या दिवशी खेळ बंद.

किती वर्षं चालतं? यारोमिर यागर एनएचएलमध्ये १,७३३ सामने खेळला आणि पन्नाशीनंतरही आपल्या गावच्या क्लाडनो संघाकडून बर्फावर उतरला. पॅट्रिक मार्लोने १,७७९ सामने खेळून गॉर्डी हाऊचा विक्रम मोडला. ही नावं विसरा. ती अपवाद म्हणूनच प्रसिद्ध आहेत. वर पोचलेल्या साध्या फॉरवर्डला चार-पाच वर्षं मिळाली तरी तो नशीबवान समजतात. त्यातही 'वेव्हर्स' नावाची टांगती तलवार: काही काळानंतर संघाला तुम्हाला खाली पाठवायचं असेल तर आधी तुमचं नाव बाकी सगळ्या संघांपुढे ठेवावं लागतं, आणि चोवीस तासांत कोणी उचललं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरात. बायको-मुलं, भाड्याचं घर, शाळा, सगळं मागे.

म्हणून सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी बरेच शहाणे फॉरवर्ड युरोप गाठतात. स्वीडन, फिनलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड. सामने कमी, प्रवास छोटा, क्लब घर आणि गाडी देतो. माझा एक विद्यार्थी जर्मनीत सहा हंगाम खेळला. इथे तो बचाव करणारा विंगर म्हणून ओळखला जायचा. तिथे गेल्यावर, बऱ्याच वर्षांनी, पुन्हा गोल करायला लागला. फोनवर म्हणाला, "काका, मला आठवतंय अजून." आता तो फिजिओथेरपी शिकतोय, पस्तिसाव्या वर्षी, विशीतल्या मुलांच्या वर्गात. एवढंच वाटतं की शिक्षणाचं ते पॅकेज त्याने वेळेत वापरलं असतं तर बरं झालं असतं. मुदत संपून गेली होती.

आता तुमचा मुलगा. गोल मोजू नका. तेराव्या वर्षी गोल करणारा बहुतेक वेळा जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेला, लवकर वाढलेला आणि वेगवान असतो. इथे वयाचे गट जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाच्या तुलनेत त्याला जवळजवळ वर्षभराचा फायदा. दोन वर्षांत बाकीचे उंच होतात आणि तो फायदा विरतो. तुमचा कुठल्या महिन्यातला आहे ते तुम्ही लिहिलं नाही.

पुढच्या सामन्यात पक सोडून फक्त त्याच्याकडे पाहा, सबंध एक पिरियड. पक गेल्यावर तो परत येताना पाय चालवतो की नुसता घसरत येतो? शिफ्ट चाळीस-पन्नास सेकंदांत संपवून येतो की गोलच्या आशेने दीड मिनिट राहतो? पक यायच्या आधी खांद्यावरून मागे बघतो का? तिसऱ्या लाईनवर टाकलं तर गाडीत बसल्यावर कसा वागतो? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर फक्त तुमच्याकडे असतं, कारण कोच गाडीत नसतो.

साहित्यावर उगाच उधळू नका. ट्रिपल एचा हंगाम तसाही सहज दहा हजार डॉलरच्या वर जातो. चारशे डॉलरची स्टिक तेरा वर्षांच्या हातात काहीच वेगळं करत नाही. त्याच्या वजनाला वाकेल अशी स्टिक हवी, बस. पैसे घालायचे तर स्केटमध्ये घाला, आणि धारेकडे लक्ष द्या. स्केटचं पातं खालून सपाट नसतं. मध्ये खोबण असते आणि दोन्ही बाजूंना कडा. खोबण खोल, म्हणजे अर्ध्या इंचाच्या त्रिज्येची, असेल तर कडा बर्फात रुततात, वळणं घट्ट बसतात पण पाय लवकर दमतात. पाऊण इंचाची उथळ असेल तर घसरण छान, पण हलक्या मुलाला पकड मिळत नाही. सुरुवातीच्या काळात मी एका मुलाच्या निवड-चाचणीच्या सकाळी, न विचारता, त्याची नेहमीची अर्ध्या इंचाची धार बदलून उथळ करून दिली. वेग वाढेल अशी माझी अक्कल. पहिल्याच वळणावर पोरगा बाहेरच्या पायावरून आडवा झाला, मग दुसऱ्यांदा, आणि मग घाबरून सरळच खेळायला लागला. निवड झाली नाही. त्याच्या वडिलांनी मला काही म्हटलं नाही, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून दुकानात प्रत्येकाची धार वहीत लिहून ठेवतो. तुम्हीही मुलाचा आकडा लिहून ठेवा, आणि चाचणीच्या दिवशी नवी धार लावू नका. दोन दिवस आधी लावा, एक सराव होऊ द्या.

राहिली धाकटी. तुम्ही लिहिलंय, "ती पण मागे लागली आहे, पण मुलींसाठी यात काय आहे?" पाच वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर माझ्याकडे फारसं उत्तर नव्हतं. १ जानेवारी २०२४ ला पीडब्ल्यूएचएल, महिलांची व्यावसायिक लीग, सुरू झाली, सहा संघांची, त्यातला एक टोरोंटोचा. पहिल्या हंगामात किमान पगार ३५ हजार डॉलर होता, म्हणजे अजून दुसरी नोकरी सोडण्यासारखा नाही. २०२५-२६ मध्ये व्हॅन्कुव्हर आणि सिॲटल येऊन संघ आठ झाले. मॉन्ट्रियलची मारी-फिलिप पुलँ तिला एकदा प्रत्यक्ष खेळताना दाखवा. फॉरवर्डने बोर्डाशी पक कसा राखायचा हे तिच्याइतकं स्वच्छ मला पुरुषांतही क्वचित दिसतं.

फक्त तिला दादाचे जुने स्केट घालायला देऊ नका. "वाढत्या अंगाला होतील" हे स्वेटरला ठीक. स्केटचा नंबर नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीड लहान लागतो, आणि मोठ्या स्केटमध्ये घोटा आत वळला की ती सवय पुढे मोडता मोडत नाही. मोजायला येताना पातळ मोजे घालून आणा.